बिननावाच्या फोटोंत बाबांना शोधताना

"बाबांनी काढलेला एकतरी फोटो घेऊन ये," आईनं सांगितलं आणि मी पुण्याहून सकाळच्या एसटीनं कोल्हापूरला निघाले. लग्नाआधी बाबा तिथे नोकरीला होते आणि एका फोटोग्राफी मंडळाचे सभासदही. ते जाऊन वर्ष झालं, पण घरात त्यांनी काढलेला एकही फोटो नाही. मला वाटलं, तासाभराचं काम. माझा गाढवपणा.

रस्त्याची कामं चालू आहेत, त्यामुळे सहा तास धरूनच चाला. स्टँडजवळ मिसळ खाल्ली. कट जपून मागा, माझ्या नाकाडोळ्यांतून पाणी आलं. राजारामपुरीत रिक्षावाला "कितवी गल्ली, ताई?" एवढंच विचारत राहिला आणि मला नेमकं तेच ठाऊक नव्हतं. दोन फेऱ्यांनंतर एका दवाखान्याच्या वर मंडळाची खोली सापडली.

मंडळ पन्नास वर्षांहून जुनं. महिन्याच्या पहिल्या रविवारी सभासद आपापले फोटो मांडतात आणि बाकीचे त्यांची सालटी काढतात. शिवाय वर्षाकाठी एक सहल, एक प्रदर्शन. सत्तरी ओलांडलेल्या पाटीलकाकांनी हे सगळं हौसेनं सांगितलं आणि बाबांच्या काळातली पेटी उघडली. शेकडो फोटो, आणि एकाच्याही मागे नाव नाही. मी चक्रावलेच. नाव दिसलं की जिभा मऊ पडतात, म्हणून फोटो बिननावाचेच मांडायचे आणि आपला कोणता ते सांगायचंही नाही, असा इथला पहिल्यापासूनचा नियम. प्रदर्शनातसुद्धा फक्त मंडळाचं नाव.

मग बाबांचा कोणता? पाटीलकाकांनी नृसिंहवाडीच्या घाटाचा एक फोटो ठामपणे पुढे केला. धुकं, ओल्या पायऱ्या, नदीत पाय सोडून पाठमोरा बसलेला कुणीतरी. त्यांचे जुने सोबती मगदूमकाका चष्मा पुसून जवळ आले.

"ह्यो माझा हाय," मगदूमकाका म्हणाले.

"तुझा कसला? हिच्या बाबाचा हाय. त्यानं काढला तवा मी शेजारीच हुतो की."

"मग मी कुठं हुतो?"

मग पेटी पालथी झाली. अर्ध्या तासात बाबांचे म्हणून पाच फोटो निघाले आणि त्यातल्या तीन फोटोंवर मगदूमकाकांनी हक्क सांगितला. माझं डोकं भणभणायला लागलं. शेवटी घाटाचाच फोटो त्यांनी माझ्या हातात ठेवला.

"घिऊन जा पोरी. माझा असला तरी आईला त्याचाच म्हणून सांग."

परतीच्या वाटेवर कराड गेलं, सातारा गेला, माझा काही निर्णय होईना. खोटं बोलायला मन धजत नव्हतं आणि खरं काय हेच कळत नव्हतं. घरी आल्यावर काही न बोलता फोटो आईला दिला. तिनं तो खिडकीपाशी नेऊन बराच वेळ पाहिला.

"हा त्यांनी नाही काढलेला," ती म्हणाली. "पाण्यात पाय सोडून बसलेत ना, ते हे आहेत. डावा खांदा बघ, कसा उतरलाय."

मी बघितलं. सगळं लहानपण मी स्कूटरवर त्या पाठीला चिकटून बसले होते. मला ती ओळखता आली नव्हती.