चाळीस उड्या

मी पोटापाण्यासाठी उड्या मारत असे, असं सांगितलं तर आजही कुणाला खरं वाटत नाही. पण माझ्या नोकरीचं स्वरूप तेच होतं.

चेन्नईजवळ सिरुसेरीच्या आयटी पार्कमधल्या एका कंपनीत मी व्हिडिओ गेम तपासायची. मंदीचं वर्ष होतं. बटणं दाबून खेळायचे दिवस संपले, आता माणूस हलेल तसा गेम हलेल आणि माणूस बोलेल ते गेम ऐकेल, असं परदेशातल्या क्लायंटचं म्हणणं होतं. त्यात काही राम आहे का हे बघायला आम्हाला ठेवलं होतं. एका छोट्या खोलीत, दार लावून, मनगटाला रिमोट बांधून मी गालिच्यावर चिकटवलेल्या पिवळ्या पट्टीवर उभी राहायची. मी उडी मारली की पडद्यावरचा ससा खड्डा ओलांडायचा. सकाळी अशा चाळीस उड्या; टीममध्ये उड्यांचं काम माझ्या एकटीकडे होतं. दुपारी माइकसमोर ‘जंप’, ‘स्टॉप’, ‘लेफ्ट’ असं ससोबाला ओरडून सांगायचं. संध्याकाळी फॉर्म. त्यात शेवटचा प्रश्न रोज तोच असायचा: हालचाल आणि आवाज यांमुळे खेळण्यातली मजा वाढली का? पाचपैकी गुण द्या.

सुरुवातीला मी पाचपैकी पाच द्यायची, अगदी मनापासून. लहानपणी उड्या मारल्याबद्दल धपाटे खाल्ले होते, इथं पगार मिळत होता. फक्त खालच्या मजल्यावरच्या कॉल सेंटरला आमचा जाच व्हायचा. आमच्या टीमच्या प्रमुखाला, म्हणजे लीडला, दर दोन दिवसांनी तिथून फोन यायचा, की तुमच्या धपधप आवाजाने आमच्या ग्राहकांना वाटतं इमारत पडतेय.

ही लीड म्हणजे चाळिशीची, काटक, कायम इस्त्रीच्या कॉटन साडीतली बाई. टीममधल्या तमिळ मुली तिला अक्का म्हणायच्या, मी मॅडम म्हणायची. ती तमिळ किंवा इंग्रजी बोलायची, तेही मोजकं. मला तिची धास्ती होती.

आणि मग मला दिवस गेले.

आनंद झाला असं लिहायला हवं. पण पहिल्यांदा वाटली ती भीती. आदल्या वर्षी पुण्यात असताना नवव्या आठवड्यात माझं मूल गेलं होतं. एका साध्या मंगळवारी, भाजी निवडताना. त्यामुळे या वेळी मी प्रत्येक वेळी बाथरूममध्ये जाताना आधी डोळे मिटायची आणि मग धीर करून डाग आहे का बघायची. इथल्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, धक्के नकोत, वजन नको, उड्या तर नकोतच. मी काय काम करते हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं. काय सांगणार होते?

ऑफिसमध्येही सांगता येत नव्हतं. माझं कंत्राट सहा महिन्यांचं होतं आणि दर शुक्रवारी कुणी ना कुणी खोक्यात सामान भरून जाताना दिसायचं. नवरा ओरगडमच्या गाड्यांच्या कारखान्यात होता, तिथंही आठवड्यातले दोन दिवस काम बंद ठेवत होते. शिवाय साताऱ्याहून आईचा हुकूम होता: तिसरा महिना उलटेपर्यंत कुणाकडे ब्र काढायचा नाही, नजर लागते. एरवी मी असल्या गोष्टींना हसले असते. त्या वर्षी मी हसले नाही.

उड्यांवर तोडगा मला योगायोगाने सापडला. डॉक्टरीणबाईंनी बजावल्यानंतर पहिल्या दिवशी मी भीतीने पट्टीवर उभीच राहिले नाही, खुर्चीत बसून रडत होते. नाक पुसायला हात झटकन वर नेला, आणि ससा टुणकन खड्ड्यापलीकडे गेला. मी पुन्हा मनगट झटकलं. पुन्हा गेला. रिमोटला माणूस कळत नव्हता, झटका तेवढा कळत होता. मी बसल्या बसल्या चाळीस झटके दिले, चाळीस रकान्यांत ‘पास’ लिहिलं आणि बस पकडून घरी आले.

आता, गेममधली खोट शोधायची म्हणून मला पगार मिळत होता, आणि सगळ्यांत मोठी खोट माझ्या हातात होती. अंग न हलवता खेळता येत असेल तर हालचालीच्या त्या गेमचा उपयोग काय? हे लिहिणं माझं काम होतं. पण लिहिलं की ते दुरुस्त करणार, आणि दुरुस्त झालं की मला उड्या माराव्या लागणार. मी गप्प बसले. फॉर्मवर पाचपैकी पाच लिहीत राहिले.

भीतीत भीती मिसळत गेली. दाराशी पाऊल वाजलं की मी ताडकन उभी राहायची, मग एवढ्या जोरात उठले म्हणून घाबरायची. लीडने सहज विचारलं, “सगळं ठीक?” तरी माझ्या तोंडचं पाणी पळायचं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

मन मोकळं व्हायचं ते एकाच ठिकाणी. जिन्याजवळ कॉफीचं यंत्र होतं, तिथून मी रोज जेवणाच्या सुट्टीत आईला फोन करायची. चेन्नईत मराठी कुणाला कळतंय! मी मोठमोठ्याने बोलायची. “आई, आज पण बसूनच केलं गं. कुणाला कळलं नाही. सातवा आठवडा संपला. आमची लीड ना, कडक इस्त्री नुसती. तिला कळलं तर मला उभी जाळेल.” कधी कधी ती कडक इस्त्री दोन पावलांवर कॉफी घेत उभी असायची. मी तिच्याकडे बघून मान हलवून हसायची आणि बोलणं पुढे चालू ठेवायची. तेवढीच मला गंमत.

नवव्या आठवड्यात, सोमवारी, ती माझ्या खोलीत आली. दार लावून घेतलं. हातात माझे तीन आठवड्यांचे फॉर्म होते.

“खालून फोन येत नाहीत,” ती इंग्रजीत म्हणाली. “तीन आठवडे. एकदाही नाही.”

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. सगळी काळजी घेतली होती, पण आवाज होत नाहीये याचा आवाज कुणाला तरी ऐकू जाईल हे सुचलं नव्हतं.

“या फॉर्मवर माझी सही असते,” ती म्हणाली. “मला करून दाखव.”

माझी पाचावर धारण बसली. मी म्हटलं, आधी आवाजाचं दाखवू का? तिने मान डोलावली. मी माइक ओढून ‘जंप’ म्हटलं. ससा हलला नाही. पुन्हा म्हटलं. माझा आवाज इतका कापत होता की यंत्राला तो शब्द वाटतच नव्हता. पडद्यावर अक्षरं आली, कृपया पुन्हा बोला. तिसऱ्यांदा तर घशातून नुसती हवा आली.

“उडीचं,” ती म्हणाली.

मी पट्टीवर जाऊन उभी राहिले. ते दहा-बारा सेकंद मी विसरू शकत नाही. सरळ सांगून टाकावं की मी गरोदर आहे, हे सुचायला हवं होतं. सुचलं ते हे, की एक उडी. एकीने काय होतंय. आदल्या वर्षी तर मी नुसती भाजी निवडत होते. नोकरी गेली तर दवाखाना कसा करायचा, घरभाडं कसं भरायचं, आणि एक उडी. मला त्या पोटातल्या जिवाची इतकी भीती वाटत होती, आणि तरीही मी त्याच्यासकट उडी मारायला तयार झाले होते. मी गुडघे वाकवले.

“नको गे. बैस.”

मला वाटलं मला भास झाला. आईच बोलली असं वाटलं.

“बैस म्हणतें,” लीड म्हणाली. तिने खुर्ची ओढून माझ्यामागे आणली. “मज समजतं. तंजावरचं घर आमचं. घरांत हेंच बोलतों. तुझं अवघं ऐकलं मी, कॉफीपाशी. उडी मारणार नाहींस म्हणून वाटलं. तूंच सांगशील म्हणून वाटलं.”

जुन्या पत्रातलं वाटावं असं तिचं मराठी, त्याला तमिळचा हेल. मी खुर्चीत बसले आणि हुंदके देऊन रडले. मध्येच आठवलं, ‘कडक इस्त्री’ही तिने ऐकलं होतं.

“आतां लिही,” ती म्हणाली. “बसून खेळतां येतं. खोट आहे, ती झांकूं नये.”

“मॅडम, मग ते दुरुस्त करतील.”

“करूं दे.”

मी लिहिलं. तिने सही केली, आणि मला दिवस गेल्याचं तिने कुणाला सांगितलं नाही. दहा दिवसांनी दुरुस्त केलेला गेम आला. या वेळी मनगट झटकून ससा जागचा हलेना. अख्ख्या शरीराने उडी मारल्याशिवाय त्याला पटतच नव्हतं. मी रिमोट हातात धरून बसले होते.

तेवढ्यात ती आत आली. पदर खोचला, चपला काढल्या, माझ्या हातातला रिमोट घेऊन मनगटाला बांधला आणि पट्टीवर उभी राहिली.

“मोज,” म्हणाली.

ती उड्या मारत होती. प्रत्येक उडीला गालिचा हादरत होता आणि मी रकान्यात खुणा करत होते. सतराव्या उडीला तिला धाप लागली. मी म्हटलं, मॅडम, पुरे, उरलेल्या उद्या करू. ती थांबली, गुडघ्यांवर हात टेकून वाकली.

“दोन वेळां मज दिवस गेले होते,” ती खाली बघत म्हणाली. “पहिली नोकरी होती. ओझीं उचलायचें काम. बैस म्हणून कोणी म्हटलं नाहीं.”

इतके दिवस मी तिला घाबरले होते, आता तिच्याकडे बघायची भीती वाटत होती. टेबलावरचा फोन वाजला. खालच्या कॉल सेंटरचा होता. तिने उचलला, धापा टाकत तमिळमध्ये सॉरी म्हणाली, अजून तेवीस राहिल्यात असं सांगितलं आणि पुन्हा पट्टीवर जाऊन उभी राहिली.