माझा कप्तान मागेच उभा राहतो

आमच्या घरातला पहिला ग्रॅज्युएट मी, आणि पहिला व्यावसायिक हॉकीपटू माझा पुतण्या निलू. त्यातल्या पहिल्याने दुसऱ्याला बाकावर बसवलं.

थोरल्या दादांनी, म्हणजे निलूच्या वडिलांनी, केळीच्या बागेत राबून मला बी.एस्सी. केलं. त्यांचे उपकार फिटणारे नाहीत. पण तेव्हापासून म्हशीच्या तापापासून निलूच्या खेळापर्यंत सगळ्यात माझं मत घ्यायची घरात पद्धतच पडली. (मला म्हशीतलं कळत नाही. हॉकीतलंही नाही. पण विचारल्यावर गप्प कसं बसायचं?)

निलू बचावपटू. दोन वर्षं खपून कोचनी त्याला एकच गोष्ट शिकवली होती: जागा सोडायची नाही. त्या बळावर तो लीगच्या संघात गेला. आता भारतीय संघाच्या शिबिरासाठी त्याचं नाव चर्चेत होतं.

नेमकं तेव्हाच, मी शिकवतो त्या गावाशेजारच्या लालबागच्या शाळेत शिक्षकांना फॅन्टसी हॉकीचं वेड लागलं. मोबाइलवर आपला संघ निवडायचा, खेळाडू मैदानात जे करतील त्याचे गुण आपल्याला, कप्तानाचे दुप्पट. मी अर्थातच निलूला कप्तान केलं आणि तीन सामन्यांत तळाला गेलो! गोल मारणाऱ्याला ढीगभर गुण, अडवणाऱ्याला चिमूटभर.

"सर, आपका भतीजा खेलता भी है, या मैदान की रखवाली करता है?" पीटीच्या सरांनी भर स्टाफरूममध्ये विचारलं.

मी त्याच दुपारी फोन लावला.

"निलू बेटा, तू पुढे का जात नाहीस?"

"काका, माझी जागा मागे आहे ना. कोच ओरडतात."

"कोच किती शिकलेत?"

"...बारावी."

"मग!"

(हा एक 'मग' परत घेता आला असता, तर डिग्री परत दिली असती!)

सामन्याला सगळं घर टीव्हीसमोर. दहाव्या मिनिटाला निलू चेंडू घेऊन सुसाट पुढे निघाला.

"भाऊजी, कुठे जाऊ राह्यला हा?" वहिनी घाबरल्या.

"गुण आणायला!"

"पण त्याची जागा तर रिकामी पडली!"

"पडू द्या, वहिनी. यामागे विचार आहे."

त्या विचारातून समोरच्यांनी पहिला गोल केला. मग दुसरा. मग कोचनी हात करून निलूला बाहेर बोलावलं. डोक्यावर टॉवेल घेऊन तो बाकावर बसला, आणि दादांनी टीव्ही बंद केला.

"तू सांगितलं होतं?"

"सहज सुचवलं होतं, दादा."

दादा उठून म्हशीला पाणी पाजायला गेले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

निवड समितीचे लोक त्या दिवशी स्टेडियममध्येच होते. शिबिराच्या यादीत निलूचं नाव आलं नाही. कोचनी विचारलं, "कोणी सांगितलं तुला पुढे जायला?" तर हा म्हणाला, "मीच ठरवलं, सर." आणि आईला बजावलं, "काकांना सांगू नको, त्यांना वाईट वाटेल." वहिनींनी मला पानावर वाढता वाढता सांगितलं. घास तसाच हातात राहिला.

निलू पुढे पुन्हा मैदानात उतरला. शिबिर मात्र हुकलं ते हुकलंच. आता त्याचा फोन आला की मला 'जेवलास का?' एवढंच विचारायची परवानगी आहे. परवा तेवढंच विचारलं.

"हो काका, तीन पोळ्या खाल्ल्या."

"तीनच? अरे, बचावपटूला कमीत कमी..."

वहिनींनी फोन काढून घेतला.