हिल्का इंजिन का बंद करत नव्हती

हिल्का मोइलानेनच्या ट्रकमध्ये साबणापासून सॉसेजपर्यंत सगळं मिळायचं, फक्त गप्पा मिळायच्या नाहीत. उत्तरेतल्या आमच्या बर्फाळ काइनू भागात त्याबद्दल कुणी तक्रार करत नाही. जंगलातल्या एकेका घरापुढे तिचं फिरतं दुकान येऊन उभं राही. म्हातारी माणसं लोखंडी पायऱ्या चढून आत जात, काळा पाव, कॉफी, मीठ घेत आणि उतरत. नवरा वारल्यावर तिने त्याचा ट्रक हातात घेतला, तेव्हा ही एका हिवाळ्यात थकेल असं सगळ्यांचं मत होतं. माझं तर ठाम मत होतं. थकली नाही. उलट आसपासची पक्की दुकानं एकेक करून बंद पडली आणि हिचंच तेवढं उरलं.

मी ताइस्तो. जन्मभर ओंडक्यांचा ट्रक चालवला, आता घरी बसून लोकांच्या गाड्यांना नावं ठेवतो. फेब्रुवारीतल्या एका सकाळी हिल्का ट्रकमधून उतरून थेट माझ्या दारात आली. मागे इंजिन चालूच होतं. ते ती कधीच बंद करत नसे.

"ऑइलचा काटा पडतोय," ती म्हणाली.

"कधी?"

"रस्त्यावर बरा असतो. लोकांच्या दारात उभी राहिले की खाली येतो. काल तांबडा दिवासुद्धा लुकलुकला."

"म्हातारी झालीय गाडी."

"मीही झालेय. मला कुठे कुणी भंगारात घालतंय?"

ऑइलचा दाब खरोखरच गेला असेल, तर आतली बेअरिंगं झिजली असणार. म्हणजे अख्खं इंजिन खोलणं आलं, आणि एवढ्या जुन्या ट्रकचं इंजिन कुणी खोलत बसत नाही. ट्रक गेला की दुकान गेलं, आणि दुकान गेलं की आमच्यातली निम्मी म्हातारी माणसं शहरातल्या वृद्धाश्रमात.   मी घाबरलो होतो.

आधी मीटरवर संशय घेतला. मीटर खोटं बोलतात, मी पुष्कळ पाहिलेत. माझ्याकडे दाब मोजायचं एक साधं मीटर आहे, ते नळीने थेट इंजिनाला जोडलं. त्यानेही तेच सांगितलं. फिल्टर शरद ऋतूत बदललेला होता.

"बेअरिंगं गेली," मी म्हणालो. माझा आवाज डॉक्टरांसारखा झाला असावा.

"कशी जातील? थेंबभर ऑइल पीत नाही ही गाडी." तिने ऑइल मोजायची पट्टी ओढून काढली, पुसली, पुन्हा बुडवून माझ्या नाकापुढे धरली. "बघ. ऑइल वरच्या खुणेच्याही वर आहे. सगळा हिवाळा मी वरून काही घातलं नाही."

तिला त्याचा केवढा अभिमान! आणि मी बघतच राहिलो. जुनं इंजिन थोडं तरी ऑइल पितंच. न घालता वाढतं कसं? पट्टी हुंगली. डिझेलचा वास.

"दुकानातून कॉफीचा कागद आण," मी म्हटलं.

गाळायच्या त्या कागदावर एक थेंब सोडला. मध्ये काळा ठिपका राहिला आणि भोवती फिकट, तेलकट कडं पसरत गेलं. ऑइलमध्ये डिझेल मिसळलं होतं. डिझेलच्या पंपातला पडदा फाटून गळतोय का ते उघडून पाहिलं, तो धड होता. मग एकच राहिलं. कडाक्याच्या थंडीत उभ्या गाडीचं इंजिन तासन्‌तास चालू ठेवलं की ते पुरतं तापत नाही, अर्धवट जळलेलं डिझेल खाली उतरतं आणि ऑइल पाण्यासारखं पातळ होऊन दाब पडतो.

"बेअरिंगं शाबूत असतील कदाचित," मी म्हणालो. "पण दारोदार इंजिन चालू ठेवणं बंद. सगळ्यांच्या अंगणात गाडी गरम ठेवायचा विजेचा खांब आहे, त्याला वायर लाव."

"नाही जमणार."

"का? वायर नाही?"

"वायर आहे रे! इंजिन बंद केलं की मी पाहुणी झाले ना. त्यांना कॉफी टाकावी लागेल. बन काढावे लागतील. मीठ घ्यायला आलेल्या माणसाला कशाला खर्चात पाडायचं? आणि प्रत्येक घरी कॉफी प्यायले तर मीच उकळायला लागेन."

ते खरं होतं. आमच्याकडे अंगणात इंजिन चालू असेल तर माणूस कामाला आलाय. बंद झालं की बसायला आलाय, मग चुलीवर किटली चढलीच पाहिजे. त्याला अपवाद नाही. लोकांना संकोच नको म्हणून ही बाई आपल्या ट्रकचा जीव घेत होती.

"मग ट्रक मेला तर त्यांना मीठ कोण देणार?" मी जरा ओरडलोच. "तुझी सभ्यता?"

ती रागावून ट्रकमध्ये जाऊन बसली. मग काच खाली करून म्हणाली, "ऑइल कधी बदलायचं?"

बदललं. जुनं ऑइल खाली आलं ते सूप सांडावं तसं. नवीन ऑइल आणि नवा फिल्टर घालून इंजिन चांगलं तापवलं, आणि उभ्या गाडीतही काटा जागचा हलला नाही. पण एवढ्यावर माझा विश्वास नव्हता. दुसऱ्या दिवशी काट्यावर नजर ठेवायला मी तिच्या शेजारी बसून निघालो.

पहिलं घर सिल्वीमावशीचं. जंगलाच्या टोकाला एकटी राहते. हिल्काने अंगणात गाडी उभी केली, चावीला हात लावला आणि तशीच बसली.

"कर की बंद," मी म्हणालो.

"इथूनच सुरुवात करायला नको होती."

तिने चावी फिरवली. अंगण गप्प झालं. आणि तेव्हा मला आठवलं. या अंगणात शेवटचं इंजिन बंद झालं होतं ते पाद्रीबाबांच्या गाडीचं. मावशीचा नवरा रेइयो जंगलात पडत्या झाडाखाली सापडून गेला, ते सांगायला ते आले होते.

दार उघडलं. सिल्वीमावशी कोट न घालता पायरीवर आली. हातात पिशवी नव्हती. कठड्याला घट्ट धरून तिने विचारलं, "कोण गेलं?"

हिल्का उडी मारून उतरली आणि बर्फातून जवळजवळ पळतच तिच्यापर्यंत गेली.

"कुणी गेलं नाही, मावशी," ती म्हणाली. "मी आलेय."