लॉनवरची साम्राज्यं

माझे साडू आयुष्यात एकही सामना हरलेले नाहीत. ते कधी कुठला खेळ खेळलेले नाहीत हे त्याचं एक कारण. पण मुख्य कारण असं, की युरोपातल्या फुटबॉलचा मोठा कप जो संघ जिंकतो तो त्यांचाच असतो. आधीपासून असतो असं नाही. साधारण उपांत्यपूर्व फेरीच्या सुमाराला तो त्यांचा होतो, आणि एकदा झाला की पणजोबांपासून घरात चालत आल्यासारखं ते त्याच्याविषयी बोलू लागतात. "काल आपण काय खेळलो, साडूभाऊ," असा फोन आला की मी आधी विचारून घेतो, "आपण म्हणजे सध्या कोण?" एके काळी आपण बार्सिलोना होतो. मग बरीच वर्षं माद्रिद होतो. मध्ये म्युनिक, लंडन, मँचेस्टर असं फिरून पुन्हा माद्रिदला आलो. इतका युरोप व्हिसाशिवाय कुणी पाहिल्याचं मी ऐकलेलं नाही.

साडू हे नातं मुळातच अवघड. दोन बहिणी आपापल्या नशिबाने दोन पुरुष घरात आणतात, आणि त्या पुरुषांनी जन्मभर प्रत्येक सणाला शेजारी बसून एकमेकांशी काय बोलायचं हे कुणी सांगत नाही. आमच्यापुरता हा प्रश्न फुटबॉलने सोडवला. आम्ही दोघंही ओहायोतल्या डब्लिनमध्ये राहतो, दहा मिनिटांच्या अंतरावर. ते बोलतात, मी ऐकतो. एकमेकांना आम्ही 'साडूभाऊ' म्हणतो, म्हणजे मोठं कोण हे ठरवत बसावं लागत नाही. ते मूळचे पुण्याचे असले तरी मत बदलायला तयार असतात, यावरूनच माणूस वेगळा आहे हे ध्यानात यावं.

त्यांची सगळी वृत्ती 'आपण' या एका शब्दात आहे. मराठीत 'आम्ही' म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो, 'आपण' म्हटलं की तोही आत येतो. साडू 'आम्ही' कधीच म्हणत नाहीत. स्वतःच्या विजयात ते समोरच्यालाही ओढून घेतात. मला न विचारता त्यांनी मला आजवर किती कप जिंकून दिले याची मोजदाद नाही. पण संघ बाहेर पडला, की पंचांची शिट्टी हवेत विरायच्या आत तो 'ते लोक' होतो. "ते लोक म्हातारे झालेत," साडू सांगतात. काल हेच लोक अनुभवी होते. ही पद्धत फुटबॉलपुरती नाही. त्यांनी कंपनी बदलली तेव्हा शुक्रवारी दुपारपर्यंत जुनी कंपनी 'आपण' होती आणि संध्याकाळी घरी येईतो 'ते लोक' झाली होती. महाराष्ट्र मंडळाच्या निवडणुकीत पुण्याचं पॅनेल पडून नागपूरचं आलं, तेव्हा निकालाच्या संध्याकाळी विजयी पॅनेलच्या फोटोत साडू मधोमध उभे होते. प्रचारात ते कुठल्या बाजूला होते हे विचारण्याचं धैर्य कुणाला झालं नाही, कारण त्या पॅनेलचा हार त्यांनीच आणला होता.

मी एकदा त्यांना निष्ठेबद्दल छेडलं होतं. त्यावर त्यांनी मला समोर बसवून शांतपणे समजावलं. "खेळाडू विकत घेतलेले असतात. कोच दोन वर्षांत हाकलतात. मालक परदेशी, जर्सी दरवर्षी नवी. त्या क्लबात एक माणूस कायमचा नाही, आणि मी टीव्हीसमोर बसून कायमचा राहायचं? खेळाडू गेला की ट्रान्सफर, मी गेलो की दलबदलू? आणि तुम्ही-मी तरी कुठे एका क्लबात राहिलो, साडूभाऊ? पुणे, बंगलोर, न्यू जर्सी, डब्लिन. जरा बरं कुणी बोलावलं की निघालोच ना?"

त्यातून त्यांना थाटामाटाची भारी हौस. सामन्याआधी त्या स्पर्धेचं स्तोत्र वाजतं तेव्हा ते सोफ्यावरून उठून उभे राहतात. स्तोत्रात तीन भाषा आहेत म्हणे. साडूंना त्यातली एकही पुरती येत नाही, पण ओठ तिन्ही भाषांत हलतात. कोण कुणाशी खेळणार हे ठरवायचा सोहळा असतो, तोही ते साग्रसंगीत पाहतात. सूट घातलेले गंभीर गृहस्थ काचेच्या भांड्यातून चेंडू काढतात, चेंडू उघडतात, आतली चिठ्ठी कॅमेऱ्याला दाखवतात. आमच्या आईच्या भिशीत हेच काम स्टीलच्या डब्यात व्हायचं आणि वर साबुदाणा वडा मिळायचा. सामने पडतात मधल्या वारी, ओहायोच्या घड्याळात भर दुपारी तीनला. त्यामुळे साडूंच्या ऑफिसच्या कॅलेंडरवर दर वसंतात 'डेंटिस्ट' अशी नोंद वारंवार दिसते. त्यांच्या मॅनेजरबाई इतक्या कळवळल्या, की माद्रिद फायनलला गेलं त्या आठवड्यात त्यांनी साडूंसाठी घरून सूप करून आणलं. साडूंनी ते तोंड वाकडं करून प्यायलं.

पण त्यांचा खरा इतिहास वाचायचा तर त्यांच्या लॉनवर. नव्या राजाची जर्सी आली की जुनी फेकून द्यायची नाही, हा पुण्याचा संस्कार त्यांच्यात टिकून आहे. ती गवत कापायला जाते. त्यामुळे युरोपात सत्तांतर झाल्याचं आमच्या भागात सगळ्यांना शनिवारी सकाळी कळतं. बार्सिलोनाची जर्सी घामाने निथळत मशीन ढकलताना दिसली तेव्हा मी ओळखलं, तिकडे माद्रिद गादीवर बसलं. म्युनिकच्या जर्सीने एक हिवाळा बर्फ उपसलं. मँचेस्टरच्या अंगावर गॅरेजचा रंग आहे. शेजारचा अमेरिकन म्हातारा या खेळाला सॉकर म्हणतो आणि पाहत नाही, पण एकदा मला म्हणाला, तुझा नातेवाईक गवत कापायला दरवेळी वेगळ्या देशाचा होऊन का येतो?

या लॉनवरच त्यांचं एक फार जुनं प्रकरण घडलं, आणि ते आमच्या सासऱ्यांशी घडलं. सासरे, म्हणजे अप्पा, नागपूरचे. सरकारी खात्यातून इंजिनियर म्हणून निवृत्त झालेले. नव्वदच्या दशकात घरी केबल आली आणि इटलीतले सामने दिसू लागले. इटली तेव्हा या खेळाची राजधानी होती. अप्पांनी पहिलाच सामना पाहिला तो मिलानच्या निळ्या-काळ्या पट्ट्यांच्या संघाचा, आणि तो संघ त्यात हरला. "मग असं मध्येच सोडून जाणं बरं दिसेना," एवढंच कारण अप्पा देतात. पुढे इटलीचं राज्य गेलं, स्पेनचं आलं, इंग्लंडचा पैसा आला. अप्पा मिलानमध्येच राहिले. थोरल्या मुलीसाठी, म्हणजे आमच्या ताईसाठी, अमेरिकेतलं स्थळ आलं तेव्हा कांदेपोह्यांची बशी हातात ठेवून त्यांनी मुलाला एकच प्रश्न विचारला होता: फुटबॉल पाहता का, आणि कुणाचे? ते साल नेमकं मिलानचं होतं. साडू म्हणाले, "मिलान. यंदा कप आपणच नेणार, अप्पा." आणि मिलानने खरोखरच कप नेला. त्या 'आपण'वर अप्पांनी मुलगी दिली.

दोन-तीन वर्षांनी ताईच्या बाळंतपणाला अप्पा आणि सासूबाई पहिल्यांदा डब्लिनला आले. दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा चहाचा कप घेऊन मागच्या डेकवर आले, आणि समोर साडू मिलानची जर्सी घालून गवत कापत होते. सुरुवातीला अप्पांना बरं वाटलं. मग त्यांनी ताईला विचारलं, आणि ताईने सरळपणे जर्स्यांची सगळी पद्धत समजावून सांगितली. अप्पा चहा न पिता आत गेले. त्या दिवसापासून त्यांनी साडूंना टाकून बोलल्याचं कुणी ऐकलं नाही. फक्त नागपूरहून फोन आला की ते विचारत, "जावईबापू सध्या कुठे आहेत?" नागपूरच्या शेजाऱ्यांना वाटे जावई फिरतीवर असतात. माझ्याविषयी मात्र अप्पांचं मत चांगलं आहे. "धाकट्याला खेळातलं काहीच समजत नाही," ते कौतुकाने सांगतात.

गेल्या वर्षीच्या वसंतात अप्पा पुन्हा आले, आणि निघतानाच डॉक्टरांनी सांगितलं होतं की इतका लांबचा प्रवास आता शेवटचा. साडू तेव्हा पॅरिस होते. पॅरिसने एकामागून एक इंग्लिश संघ झोपवले तेव्हाच त्यांनी नवी कोरी जर्सी मागवून ठेवली होती. आणि दुसऱ्या बाजूने फायनलला आलं मिलान. ताईने साडूंना स्वयंपाकघरात गाठलं. मीही तिथे होतो, कांदा चिरत होतो. "एक दुपार मिलानचे झालात तर काय बिघडतं?" ती म्हणाली. "अप्पा परत यायचे नाहीत आता. आणि बारा-तेरा वर्षं त्यांच्या मनात आहे की तुम्ही पोह्यांच्या बशीवर त्यांना फसवलं."

साडूंचा चेहरा पडला. त्यांना असं दुखावलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. "फसवलं नाही," ते म्हणाले. "त्या वर्षी मी मिलानचाच होतो. मनापासून. आता होईन ते खोटं होईल." गंमत म्हणजे त्यांचं म्हणणं अक्षरशः खरं होतं. हा माणूस प्रत्येक राजाचा मनापासूनच होता.

फायनल शनिवारी दुपारी. ताईने मुद्दाम कांदेपोहे केले. अप्पांनी बशीकडे पाहिलं, साडूंच्या पॅरिसच्या जर्सीकडे पाहिलं, आणि लिंबू पिळलं. स्तोत्राला साडू उभे राहिले. अप्पा बसूनच होते, गुडघ्यांमुळे. खेळ सुरू झाला आणि थोड्याच वेळात पॅरिसने गोल केला. साडू म्हणाले, "आपण—" आणि थांबले. दुसरा झाला तेव्हा ते नुसते टाळी वाजवल्यासारखं करून राहिले. मध्यंतरात अप्पा म्हणाले, "पोरं घाबरून राहिली," आणि हे त्यांनी नातवंडांबद्दल बोलावं तसं म्हटलं. तिसरा गोल झाला. अप्पांनी बशी खाली ठेवली आणि चष्मा काढून पुसला, परत लावला, परत काढला. साडू आता टीव्हीकडे कमी आणि त्या चष्म्याकडे जास्त पाहत होते. मग चौथ्या गोलाच्या वेळी पॅरिसचा खेळाडू मोकळ्या मैदानातून पळत सुटला, आणि पॅरिसची जर्सी घातलेले आमचे साडू सोफ्याच्या कडेला येऊन ओरडले, "अरे, आपला डिफेन्स कुठाय?"

साडूंची मुलगी फोनमधून मान वर काढून म्हणाली, "डॅड, राँग टीम." अप्पांनी सावकाश वळून विचारलं, "आपला?"

साडू स्वतःच्या छातीकडे बघू लागले, जणू जर्सी त्यांना कुणी झोपेत घातली होती. मीच म्हणालो, आता चार झाले, बंद करू या का. "राहू द्या," अप्पा म्हणाले. "मध्येच उठणं बरं नाही दिसत." मग दोघांनी शेजारी बसून पाचवा गोलही पाहिला. कप द्यायचा समारंभ सुरू झाला, सोनेरी कागदांचा पाऊस पडू लागला, आणि आयुष्यात प्रथमच साडूंनी तो थाट अर्ध्यावर बंद केला. "हरलो," ते म्हणाले. कोण, ते म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी रविवारी सकाळी मी अप्पांना भेटायला गेलो. ते डेकवर चहा घेत बसले होते. समोर लॉनवर साडू मशीन ढकलत होते, आणि त्यांच्या अंगावर पॅरिसची जर्सी होती. पॅरिस राजा होऊन एक रात्र उलटली होती, सगळं जग त्याच्या पाया पडत होतं, आणि डब्लिनमध्ये ते गवत कापत होतं. शेजारचा म्हाताराही कुंपणाशी येऊन उभा राहिला. अप्पांनी सगळा चहा संपवला. "नवा शर्ट खराब करून राहिले," ते मला हळूच म्हणाले. मग हात उंच करून त्यांनी हाक मारली, "जावईबापू, त्या झाडाखालचं राहिलं." साडूंनी मशीन वळवून झाडाखालचं कापलं. माझ्या पाहण्यात त्या दोघांचं या विषयावर एवढंच बोलणं झालं. जूनमध्ये अप्पा नागपूरला परतले.

यंदाही साडूंचे दात दुखायचे तेव्हा दुखतात. परवा दुपारी मीही त्यांच्याकडे होतो. त्यांच्या अंगात मिलानची जुनी जर्सी होती, गॅरेजमधून शोधून काढलेली. गवताचे हिरवे डाग धुऊनही गेलेले नाहीत. समोर फोन टेकवून ठेवला होता, आणि त्यात नागपूरच्या अपरात्री जागे असलेले अप्पा. त्यांची नजर आता अगदी अधू झाली आहे. मैदान तेवढं हिरवं दिसतं, माणसं दिसत नाहीत. म्हणून साडू त्यांना सगळं सांगत होते. "बॉल आपल्याकडे आहे, अप्पा. उजवीकडून निघालो. एकाला चुकवलं. दुसऱ्याला... गेला. त्यांच्याकडे गेला." फोनमधून अप्पांचा आवाज आला, "येईल परत."

मध्यंतराला मी हळूच विचारलं, "यंदा जोर कुणाचा, साडूभाऊ?"

"इंग्लंडवाल्यांचा," त्यांनी लगेच सांगितलं. अंदाज अजून पक्का आहे. "त्यांना यंदा कुणी अडवत नाही."

"आणि आपण?"

त्यांनी फोनकडे पाहिलं. अप्पा पाणी प्यायला उठले होते. पडद्यावर रिकामी खुर्ची आणि मागची भिंत तेवढी दिसत होती. साडूंनी फोन जरा सरळ केला.

"आपण काय," ते म्हणाले, "आपण आहोतच."