भगवंतच्या शिरा

माझा भाऊ भगवंत जन्मात कधी दारूला शिवलेला नाही. पण नाक आणि गाल असे लाल, वर बारीक शिरांचं जाळं, की देवासच्या कारखान्यातली माणसं "भिया, रात की उतरी नहीं क्या?" म्हणून त्याला छेडायची. तो हसून सोडून द्यायचा. माझं मात्र डोकं फिरायचं.

यंदा त्याच्या मुलीला, वल्लरीला, धारचं स्थळ आलं. राजवीर आणि ती एकमेकांना पसंत होती. पण पोह्यांची बशी खाली ठेवून राजवीरचे आजोबा, हंबीरराव, भगवंतला म्हणाले, "आपल्याला संध्याकाळची सवय आहे का?" अपमानाने बिचारा आणखीच लाल झाला, तोंडातून शब्द फुटेना. आजोबांनी काय समजायचं ते समजून घेतलं आणि "कळवतो" म्हणून उठले. वल्लरी दोन दिवस धड जेवली नाही.

मी भगवंतला ओढतच इंदूरला त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, हा आजार आहे, लेझरने कमी होईल. तीन-चारदा यावं लागेल, सुरुवातीला चेहरा सुजेल, पुढेही उन्हाला जपायला हवं. तेवढ्यात राजवीरचा फोन आला, वल्लरीकडून दवाखान्याचं कळलं, काका कसे आहेत म्हणून. मी घाईत सांगितलं, "डॉक्टर त्याच्या शिरा बंद करणार आहेत."

पहिलं लेझर झालं आणि रविवारी आजोबा-नातू न कळवता दारात हजर! भगवंतचा चेहरा सुजून जांभळा. तो आत पळाला. राजवीरने जांभळाच्या बियांच्या पुडीचा डबा माझ्या हातात दिला.

"आत्या, काकांचा शिरा बंद झाला ना? शुगर किती निकली?"

हिंदी शाळेत शिकलेल्या पोराला शिरा म्हणजे रव्याचा, तेवढाच ठाऊक; डॉक्टरांनी तो बंद केला म्हणजे मधुमेहच! मी पोट धरून हसले. मग सगळं समजावून सांगितलं, जरा आवाज चढवूनच.

भगवंत तसाच सुजलेल्या तोंडाने बाहेर आला. "मी पीत नाही. त्या दिवशी बोलता आलं नाही, एवढंच."

हंबीरराव उठून उभे राहिले. म्हणाले, "तोंड पाहून माणूस ठरवला, आमचं चुकलं. आता आम्हीच विचारतो. मुलगी द्याल आमच्या घरी?"

भगवंतने आतल्या दाराकडे पाहिलं. वल्लरीने मान हलवली.

"ताई," तो म्हणाला, "शिरा कर. सगळ्यांना."

त्याचा चेहरा पुन्हा लालबुंद झाला होता. या वेळी कुणी काही विचारलं नाही.