शहापूर ते धसई: सायकल माझी, पाटी सुमनताईंची

तीन दिवसांची सायकल सहल, डोंबिवली ते शहापूर, तिथून धसई, मग मुरबाडमार्गे घरी, 'मध्यम चढउतार', असं आमच्या म्होरक्याने, सलीलने, ग्रुपवर लिहिलं. सलील एकतीस वर्षांचा आहे. त्याचं मध्यम आणि माझं मध्यम यांत अठरा वर्षांचं अंतर आहे हे मी लक्षात घेतलं नाही आणि नाव देऊन टाकलं.

मी एका लॅबमध्ये रक्त काढायचं काम करते. माझा व्यायाम म्हणजे शीर शोधणे. सायकल घेऊन जेमतेम तीन महिने झाले होते. नवरा म्हणाला, "नाही झेपलं तर टेम्पोत बस. असतो ना मागे?" तो काळजीनेच बोलला होता. पण मी त्याच क्षणी ठरवलं, की काही झालं तरी टेम्पोत बसायचं नाही. सलीलचा नियमही तसाच होता: धसईला त्याला बिल्ला मिळेल, ज्याने सगळा रस्ता स्वतःच्या सायकलसोबत कापला. चढावर उतरून ढकलली तरी चालेल, हात मात्र सायकलवरच हवा.

पहिला दिवस हायवेचा. धूळ, ट्रक आणि उसाचा रस, एवढंच सांगण्यासारखं. शहापूरला मुक्काम केला. ज्यांच्या पायांत जीव होता ते संध्याकाळी भातसानगरला धरण बघून आले. मी लॉजच्या खिडकीतून त्यांना जाताना बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला निघालो. जानेवारी होता, बोटं गारठली होती. किन्हवलीपर्यंतचा रस्ता चांगला आहे, सायकलवाल्यांनी बिनधास्त जावं. दोन्हीकडे कापलेल्या भाताची शेतं, मधे मधे वालाचे हिरवे तुकडे. किन्हवलीत वडापाव गरम मिळतो आणि चहा दोन घ्यावेत, कारण पुढे बराच वेळ टपरी नाही. पाण्याच्या बाटल्याही इथेच भरा. बाकीचे अकरा जण एकेक चहा घेऊन पुढे गेले. मी दुसरा घेतला आणि शेवटची झाले.

त्यानंतर चढ सुरू झाले. एक संपला की वळणाआडून दुसरा. आमचा टेम्पोवाला दत्ता माझ्या मागे चालण्याच्या वेगाने टेम्पो हाकत होता. दर दहा मिनिटांनी डोकं बाहेर काढून म्हणायचा, "म्याडम, बसताव काय? कोणाला सांगत नाय मी." चौथ्या वेळी मला खरंच बसावंसं वाटलं. म्हणून मी त्याला सांगितलं, "दत्ता, तू पुढे जा. धसईला भेट." तो गेला. टेम्पो वळणाआड दिसेनासा झाल्यावर मला रडू येईल की काय असं वाटलं.

मी उतरून सायकल ढकलू लागले. तेवढ्यात मागून एक बाई आल्या. पंचेचाळिशीच्या, डोक्यावर वालाच्या शेंगांची भरलेली पाटी. आल्या आणि मला मागे टाकून दोन पावलं पुढे जाऊन थांबल्या.

"सायकल बिघडली काय?"

"नाही, चांगली आहे."

"मग ढकलता कशाला?"

"चढ आहे ना."

त्यांनी रस्त्याकडे बघितलं. "चढ तर हायच," त्या म्हणाल्या.

त्यांचं नाव सुमन. वरच्या वाडीत बहिणीकडे शेंगा पोचवायला निघाल्या होत्या. थोडा वेळ आम्ही बरोबर चाललो. त्यांची नजर सारखी सायकलवर. शेवटी म्हणाल्या, "मी बगू चालवून?"

माझ्या मनात एकदम दोन गोष्टी आल्या. एक, सलीलचा नियम. दुसरी सांगायला लाज वाटते, ती म्हणजे सायकलची किंमत. मी घुटमळले. त्या शांतपणे म्हणाल्या, "तुमी तरी कुठं चालवताव."

मी सायकल त्यांच्यापुढे केली. मी पाटी घेते म्हटलं. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली. "ते टोपडं काढा आधी. त्याच्यावर चुंबळ नाय बसायची." मी हेल्मेट काढलं. त्यांनी कापडाची गुंडाळलेली चुंबळ माझ्या डोक्यावर ठेवली, वर पाटी चढवली आणि माझी मान खांद्यात गेली.

त्यांनी साडी आवळून खोचली. हँडल चाचपलं. "हा डावा खटका कशाचा?"

"गिअरचा. तो मी वापरत नाही, चेन पडते."

त्यांनी पेडल फिरवत तो दाबला. खाटकन आवाज झाला, चेन पुढच्या लहान चक्रावर उतरली आणि सुमनताई बसून, जराही न डगमगता, तो चढ चढू लागल्या. तीन महिने मी त्या गिअरविना सायकल चालवत होते. वाचकहो, डावा गिअर वापरा. तो शोभेला नसतो.

वळणावर त्या दिसेनाशा झाल्या. सायकलच्या पिशवीत माझा मोबाइल होता, पाणी होतं. मी सायकलच्या तंग विजारीत, डोक्यावर दहा-बारा किलो वाल घेऊन, एका हाताने पाटी सावरत निघाले. समोरून मोटरसायकलवर एक जोडपं आलं. मागे बसलेली बाई मान वळवून वळवून बघत राहिली. सायकल गेली असं मी दोनदा तरी धरून चालले. मग स्वतःचाच राग आला, कारण त्यांच्या शेंगाही माझ्याकडेच होत्या.

चढ संपतो तिथे आंब्याखाली त्या उभ्या होत्या. सायकल झाडाला टेकवलेली. चेहरा घामाने चमकत होता.

"भावाची सायकल व्हती," त्या आपणहून म्हणाल्या. "धावीपर्यंत शाळेत जायची मी तिच्यावर. लग्न झाल्यावर कोन देतं? पंचवीस वर्सं झाली. वाटलं, पाय विसरले असतील."

"विसरले नाहीत."

"नाय," त्या म्हणाल्या, आणि तोंड फिरवून पदराने घाम पुसला. तो जरा जास्त वेळ पुसला.

त्यांनी माझा नंबर घेतला, पाटी घेतली, ओंजळभर शेंगा माझ्या पिशवीत कोंबल्या आणि पायवाटेने निघून गेल्या.

धसईला मी दीड तास उशिरा पोचले. एका शेतकऱ्याच्या घरी जेवण सांगितलेलं होतं: तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, सुकट, दीडशे रुपयांत पोटभर. आधी फोन करून सांगावं लागतं. जेवण झाल्यावर सलीलने बिल्ले वाटले. "आणि टेम्पोत न बसता पोचलेल्या माधवीताई," म्हणून टाळ्या झाल्या. बिल्ला हातात आला आणि मला तो घेववेना. मी सगळं सांगून टाकलं.

मग कोर्टातून निवृत्त झालेले आमचे साठेकाका, वय एकाहत्तर, घसा साफ करून म्हणाले, "सायकल पूर्ण रस्ता चालली. बाईही पूर्ण रस्ता चालल्या. फक्त दीड किलोमीटर दोघी विभक्त होत्या. यात गुन्हा दिसत नाही."

"पण काका, नियम..." सलील म्हणाला.

"डोक्यावर दहा किलो घेऊन चढ चढलेल्या बाईला तू नियम सांगणार?"

सलीलने विचार केला. नियम मोडता येणार नाही म्हणाला, आणि बिल्ला परत घेतला. मला राग आला नाही. उलट बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी मुरबाडपर्यंतचे चढ मी डाव्या गिअरवर बसून चढले आणि दुपारी घरी आले. मानेला मात्र आठवडाभर बाम लागला.

घरच्यांनी विचारलं, निसर्ग कसा होता. खरं सांगायचं तर मी दिवसभर पुढच्या चाकासमोरचा हातभर रस्ताच बघितला. डोंगर बघितले ते फक्त त्या दीड किलोमीटरात, कारण पाटी डोक्यावर असताना मान खाली घालता येत नाही. जाणाऱ्यांनी जरूर जावं, पण घाईत जाऊ नये.

दहा-बारा दिवसांनी अनोळखी नंबरवरून फोन आला. सुमनताई होत्या. मुलाची जुनी सायकल माळ्यावरून उतरवली होती, तिचा ब्रेक लागत नव्हता. दुकानात कुठला भाग मागायचा, ते विचारत होत्या. मी सांगितलं. मग विचारलं, "घरचे काय म्हणतात?"

"म्हणतील काय तरी," त्या म्हणाल्या. "बाजाराला मी आता हिच्यावरच जायची. लोकं बगतील. बगू दे."