आईचं विकतचं धपाटं

आमच्या घरात विकतचं खाणं फक्त आजाऱ्याला मिळायचं. आई-बाप दोघंही दुसऱ्याच्या रानात रोजानं जायचे. ज्वारीची भाकरी, मिरचीचा ठेचा आणि झालंच तर वरण, एवढाच आमचा बेत. ताप चढला तर बिस्किटाचा पुडा. केळं आलं, तर दुखणं मोठं. मोसंबी आली की शेजारीपाजारी भेटायलाच यायचे. धाकट्या भावाला गोवर आला तेव्हा माझा असा जळफळाट झाला, की मी त्याच्या अंथरुणात घुसून झोपलो. माझ्या अंगावर साधा फोडसुद्धा उठला नाही.

अशा घरातला मी पहिला पदवीधर. हे मी सांगतोच. सांगायचं नाही तर शिकलो कशाला? नोकरी लागली तीही फिरतीची, गावोगावच्या दुकानांत बियाणं पोचवायची. तेव्हा कळलं, की आपल्या जिल्ह्यात धडधाकट माणसंसुद्धा विकत घेऊन खातात! बोरीत एका म्हशीवाल्याच्या घरी खव्याचा पेढा खाल्ला, जिभेवर ठेवायचा अवकाश, गायब. वालूरच्या फाट्यावर करडीच्या तेलातली भजी खाल्ली. मग ताडकळसच्या आठवडी बाजारात एका बाईचे धपाटे सापडले. तव्यावरून थेट ताटलीत, वर दह्याचा गोळा. खाता खाता वाटलं, हे आईनं खाल्लंच पाहिजे. घरी काही नेलं तर ती शेजारच्या पोरांना वाटून मोकळी व्हायची. म्हणून ठरवलं, आता तिलाच तव्यापाशी न्यायचं.

घोळ एवढाच झाला, की आदल्या दिवशी मी तिला गुडघ्यासाठी दवाखान्यात नेलं होतं.

बाजारात तिला बाकड्यावर बसवलं, ताटली समोर ठेवली. आई धपाट्याकडे बघेचना. माझ्याकडे बघत राहिली.

“डाक्टर काय म्हनला रं?”

“गुडघा झिजलाय म्हनला.”

“खरं सांग. विकतचं खाऊ घालायलास, वर दही बी हाय. किती दिस हायेत माझे?”

मला हसू फुटलं, तसा तिचा संशय पक्का झाला. तवेवालीला म्हणाली, “बघ माय, वरून हसायलंय, आतून रडायलंय लेकरू.” मग तिनं वाटण्याच सुरू केल्या. शेळी धाकट्याला. तांब्याची घागर मोठ्या सुनेला, पण घासून ठेवणार असंल तरच. बाकड्यावरच्या गिऱ्हाइकांचे घास हातातच राहिले. एक पटकेवाले आजोबा मला म्हणाले, “शिकलेला दिसतूस. जरा मोठ्या दवाखान्यात तरी न्यायचं.”

तवेवाली वैतागली. “मावशे, मरायचं असंल तर घरी जाऊन मरा. हितं तव्याम्होरं मेलाव तर लोक माझ्या धपाट्याला नाव ठिवतेल. आधी खा, गार व्हायलंय.”

आईनं तुकडा मोडला. दह्यात बुडवला. चावला. सगळं बाकडं तिच्या तोंडाकडे बघत होतं.

“मीठ कमी हाय,” आई म्हणाली.

“सकाळपासून कुनी बोललं न्हाई!”

“त्यांला कळत नसंल. अन् कांदा कशाला घातलास? पानी सुटतंय, काठ फाटायलेत बघ.”

“ही बाई लवकर मरत न्हाई,” आजोबांनी निकाल दिला, आणि सगळे परत खायला लागले.

आईनं आणखी एक घास घेतला. मग हळूच मला म्हणाली, “खरंच काय झालं न्हाई मला?”

“न्हाई.”

“मंग कशाला आनलंस एवढ्या लांब?”

“लय चांगलं लागतंय म्हनून.”

मला वेड लागल्यासारखं ती माझ्याकडे बघत राहिली. मग ताटली तव्याकडे सरकवली. “अजून एक टाक गं. मीठ मी सांगते तेवढं घाल.”

त्या दिवशी आई बाजारात बसून पोटभर जेवली, आणि तिला काहीही झालेलं नव्हतं.